सरगम आणि सोल-फा : सांगलीच्या एका समूहगान पथकाचा वेल्स दौरा

सांगलीतील एका महाविद्यालयाचे समूहगान पथक काही वर्षांपूर्वी आषाढात उत्तर वेल्समधील एका लहान गावी गेले आणि तेथील हौशी गायकवृंदाच्या सभासदांच्या घरी पाहुणे म्हणून राहून त्यांच्याबरोबर गायले. वीस-बावीस विद्यार्थी, तीन साथीदार आणि दोन शिक्षिका एवढी मंडळी होती. दौऱ्याच्या तयारीत स्वरलेखनाच्या कामासाठी प्रस्तुत लेखक या पथकाशी जोडला गेला आणि पुढे दौऱ्यातही सोबत होता. महाविद्यालय, यजमान आणि विद्यार्थी यांची नावे येथे दिलेली नाहीत. त्यावाचून विषयाचे काही अडत नाही.

परदेश दौऱ्यांचे अहवाल बहुधा कार्यक्रमांच्या यादीने भरलेले असतात. कोठे गायलो, प्रमुख पाहुणे कोण होते, सत्कार कोणी केला, हे त्यांत तपशिलाने असते. सांस्कृतिक देवाणघेवाणीचा उल्लेखही असतो; परंतु नेमके काय दिले आणि काय घेतले याचा हिशेब त्यांत सापडत नाही. हा हिशेब मांडता येतो आणि तो मांडला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. या दौऱ्यापुरते माझे प्रतिपादन असे आहे की एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जे काही खरोखर पोचले ते तालमींच्या खोलीत पोचले, आणि ते पोचू शकले याचे मोठे कारण म्हणजे दोन्ही परंपरांत स्वर अक्षरांनी लिहिण्याची सवय होती : आपल्याकडे सरगम, त्यांच्याकडे सोल-फा.

पथकाची घडण

विद्यापीठांच्या युवा महोत्सवात भारतीय समूहगानाच्या स्पर्धेला सहा गायक आणि तीन साथीदार उभे राहतात. या पथकाची सुरुवातही त्याच सहा जणांपासून झाली. पुढे स्पर्धेत निवड न झालेली मुलेही तालमींना येऊन बसू लागली, तेव्हा संगीत विभागातील शिक्षिकांनी त्यांना परत न पाठवता मोठे पथक बांधण्याचा निर्णय घेतला. त्यातील निम्म्याहून अधिक विद्यार्थी तासगाव, पलूस, वाळवा, कवठेमहांकाळ या तालुक्यांतील गावांचे होते. त्यांचे गाणे गावच्या भजनी मंडळात, हरिपाठात आणि काकड आरतीत तयार झालेले होते. कागदावरच्या स्वरांशी त्यांचा संबंध जवळजवळ नव्हता. उरलेल्यांनी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेल्या होत्या आणि त्यांना सरगम लिहिता-वाचता येत होती, पण एकत्र गाताना आवाज मागे कसा ठेवायचा याची सवय त्यांना कमी होती. एकाच पथकात असे दोन प्रकारचे शिक्षण नांदत होते, आणि पुढे वेल्समध्ये या दोन्ही प्रकारांची गरज पडली.

ज्या परिसरात हे पथक घडले त्याचा विसर पडू नये. मिरज सांगलीच्या शेजारी आहे. कुरुंदवाडला १८७२ मध्ये जन्मलेले विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिकले आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. वर्गातल्या अनेकांना एकाच वेळी शिकवायचे तर बंदिश कागदावर उतरवली पाहिजे, हे ओळखून त्यांनी स्वतःची स्वरलेखन पद्धती तयार केली. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्यात दरवर्षी संगीत सभा भरते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या मुलांनी हे सगळे ऐकलेले असते, पण पलुस्करांच्या त्या स्वरलेखनाचा उपयोग एखाद्या परक्या देशातील गाणे शिकायला होईल, असे त्यांच्यापैकी कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

स्पर्धा की पाहुणचार

दौऱ्याची कल्पना प्रथम निघाली ती स्पर्धेच्या निमित्ताने. वेल्समधील लँगोलेन या डी नदीकाठच्या छोट्या गावी १९४७ पासून आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव भरतो. दुसरे महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली असताना, निरनिराळ्या देशांतील लोकांनी एकत्र येऊन गावे, या हेतूने तो सुरू झाला. १९४९ मध्ये जर्मनीतील ल्युबेक शहराचा गायकवृंद तेथे आला, तेव्हा कालपरवाच्या शत्रुराष्ट्रातील त्या गायकांचे गावाने मनापासून स्वागत केले. १९५५ मध्ये इटलीतील मोदेना गावच्या पुरुष गायकवृंदाने तेथे पहिला क्रमांक मिळवला. त्या वृंदात वडिलांसोबत गाणारा तरुण लुचानो पाव्हारोत्ती पुढे जगप्रसिद्ध झाला. असा इतिहास असलेल्या मंचावर आपल्या मुलांनी उभे राहावे, ही इच्छा स्वाभाविक होती.

परंतु स्पर्धेत उतरणे म्हणजे काय, याचा विचार करताना शिक्षिकांसमोर एक अडचण उभी राहिली. युरोपीय गायकवृंदांच्या स्पर्धेत चार आवाजांची स्वतंत्र स्वररचना, तिचा समतोल आणि शुद्धता यांना महत्त्व असते. आपले समूहगान एकसुरी असते आणि त्याचे सौंदर्य एका स्वरावर अनेकांनी एकत्र येण्यात, मींडीत (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकण्यात), लयीच्या चढत्या बांधणीत असते. परीक्षक कितीही उदार असले तरी दोन वेगळ्या मापांनी एकच वस्तू मोजली जाणार होती. शिवाय स्पर्धेसाठी गेलेले पथक आपल्या दहा-बारा मिनिटांचीच तालीम करत बसते, इतरांकडून शिकायला त्याला उसंत मिळत नाही. म्हणून शिक्षिकांनी स्पर्धेचा विचार सोडून दिला आणि ओळखीतून संपर्कात आलेल्या एका गावच्या गायकवृंदाचे निमंत्रण स्वीकारले. महोत्सवाला एक दिवस श्रोते म्हणून जायचे आणि बाकीचे सर्व दिवस गावात राहून, दररोज संध्याकाळी यजमानांच्या तालमीला बसायचे, असा बेत ठरला. महाविद्यालयातील काही जणांना हा निर्णय रुचला नाही, कारण प्रमाणपत्राशिवाय परत येणाऱ्या दौऱ्यासाठी वर्गणी मागणे अवघड जाते. माझ्या मते मात्र संपूर्ण दौऱ्यातला हा सर्वांत मोलाचा निर्णय होता. पुढे जे घडले ते सर्व यामुळेच घडू शकले.

कागदपत्रे, पैसा आणि वाद्ये

कागदपत्रांविषयी थोडक्यातच सांगतो. बहुतेक विद्यार्थ्यांकडे पासपोर्ट नव्हता, आणि शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड व जन्मदाखला यांवर नावांचा क्रम वेगवेगळा असल्याने दुरुस्त्यांमध्येच बरेच महिने गेले. ज्या संस्थेला असा दौरा करायचा असेल तिने गाणी ठरवण्याच्याही आधी नावे तपासून घ्यावीत. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाच्या नियमांत हौशी व व्यावसायिक कलावंतांना ठरावीक सांस्कृतिक कार्यक्रमांत भाग घेता येतो. मात्र निमंत्रणपत्रात राहण्याची सोय कोण करणार आणि खर्च कोण उचलणार हे स्पष्ट असावे लागते. पैसा तीन वाटांनी उभा राहिला : पालकांचा वाटा, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या आणि सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात झालेला तिकीट लावून केलेला कार्यक्रम. ज्यांना वाटा देणे शक्य नव्हते त्यांचा भार इतरांनी उचलला, आणि कोणाचा वाटा कोणी भरला हे विद्यार्थ्यांत शेवटपर्यंत उघड केले गेले नाही.

वाद्यांचा प्रश्न अधिक नाजूक होता. मिरजेचा मोठा तंबोरा न्यावा, अशी सर्वांची इच्छा होती, पण भोपळ्याचा तंबोरा विमानाच्या मालकक्षात सुखरूप पोचेल याची खात्री कोणी देईना. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर भागवावे लागले. पखवाज आणि टाळ नेले. शिसवाच्या सर्व जाती २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या संरक्षित यादीत आल्या होत्या, मात्र २०१९ च्या दुरुस्तीने तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली आहे. ही माहिती शिसवी खोडाच्या वाद्यांसोबत कागदावर लिहून ठेवलेली बरी.

वेल्समधील जुलै पावसाळी आणि गार असतो. आषाढातल्या ओलीत पखवाज उतरतो हे आपल्याकडच्या वादकाला नवीन नाही, तरी तिथल्या दगडी चॅपेलमधला गारवा वेगळा होता. वादक रोज संध्याकाळी तासभर आधी जाई, खोलीतल्या हीटरपासून बेताच्या अंतरावर पखवाज ठेवून तो फिरवत राही, मग हातोडीने गट्ठे ठोकून स्वर वर आणी. डाव्या अंगाला लावायची कणीक यजमान बाईंच्या स्वयंपाकघरात मळली जाई. पहिल्या दिवशी त्यांनी दिलेला केकचा मैदा पुडीला धरेना, गळून पडू लागला. दुसऱ्या दिवशी त्या शेजारच्या मोठ्या गावातून चपातीचे पीठ घेऊन आल्या. त्यानंतर कणकेचा गोळा किती सैल हवा, तो मधोमध किती जाडीचा थापायचा आणि वाजवून झाल्यावर खरवडून का काढायचा, हे पाहायला यजमानांपैकी चार-पाच जण नियमाने लवकर येऊ लागले. घुमारा खाली खाली जात योग्य ठिकाणी थांबला की त्यांच्यातले एक वृद्ध गृहस्थ, स्वतः खर्जात गाणारे, तोच स्वर तोंडाने धरत.

पट्टीचा प्रश्न

मुलगे आणि मुली एकत्र गाणाऱ्या प्रत्येक भारतीय पथकाला पट्टीचा प्रश्न सोडवावा लागतो. पट्टी म्हणजे षड्ज धरण्याची उंची, ती हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमांकाने सांगतात. या पथकातील मुली एकट्या गात तेव्हा काळी चार किंवा काळी पाच घेत. मुलगे काळी एक किंवा काळी दोन घेत. एकत्र गाताना पांढरी चार-पाचच्या आसपास तडजोड होई. तिथे मुलींचे मंद्रातले स्वर बसून जात आणि मुलांचे तार सप्तकातले स्वर ओढून निघत. सवयीमुळे ही तडजोड कोणाला खटकत नव्हती. यजमानांच्या पहिल्या तालमीत मात्र ती सर्वांना एकदम ऐकू आली, कारण समोर चार गटांत बसलेली माणसे आपापल्या सोयीच्या टापूत, कोठेही न ताणता गात होती आणि खोली स्वराने भरून जात होती.

आता चार आवाजांची रचना उसनी घेणे हा एक मार्ग होता, पण शिक्षिकांनी आपल्याच पद्धतीत उत्तर शोधले. पथकाच्या कार्यक्रमात तुकोबांचा एक अभंग भीमपलासात बांधलेला होता. त्याचे ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, मुलांनी काळी एकमध्ये गायचे आणि चरण मुलींनी काळी चारमध्ये, असे त्यांनी ठरवले. काळी चार हा काळी एकचा पंचम. म्हणजे तंबोऱ्यावर तेच दोन स्वर चालू ठेवले तरी मुलांना ते षड्ज-पंचम म्हणून ऐकू येतात आणि मुलींना मध्यम-षड्ज म्हणून. भीमपलासात मध्यमाला मोठा मान असल्याने चरणाखाली मध्यमाचा तंबोरा खुलून दिसतो. ध्रुपदावर परत येताना षड्ज बदलतो, तिथे एक आवर्तन पखवाजाला मोकळे सोडले. ही युक्ती जुगलबंदी गाणाऱ्यांना परिचित आहे, समूहगानात मात्र ती क्वचितच वापरली जाते. दोन तालमींत ती बसली आणि मुलींचे आवाज प्रथमच पूर्ण उघडे लागले. परत आल्यानंतरही हे पथक आता असेच गाते. बाहेरचे ऐकल्यामुळे आपल्या गाण्यातली एक जुनी अडचण दिसली आणि ती आपल्याच साधनांनी सुटली, याला मी देवाणघेवाणीचे सर्वांत पक्के फळ मानतो.

अक्षरांचे स्वर

यजमानांनी दौऱ्यापूर्वी काही महिने एका जुन्या भजनसंग्रहातील पानांची छायाचित्रे पाठवली. सांगलीत ती उघडली तेव्हा त्यांवर पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी दिसेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात चार आवाजांसाठी एकाखाली एक चार ओळी होत्या आणि त्यांत रोमन अक्षरे, विसर्गासारखी दोन टिंबे आणि आडव्या रेघा एवढेच होते. ही टॉनिक सोल-फा पद्धती. सारा ग्लव्हर यांच्या कल्पनेवरून जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाने एकोणिसाव्या शतकात ती इंग्लंडमध्ये प्रचारात आणली, आणि वेल्समधील खाणकामगार, शेतकरी व चॅपेलमध्ये जमणारी सामान्य माणसे तिच्या आधाराने चार आवाजांत गायला शिकली. वाद्य नसलेल्या, शाळा फारशी न पाहिलेल्या माणसालाही ती येत असे. तिचे तत्त्व साधे आहे : डो, रे, मी, फा, सो, ला, ती या सात नावांची आद्याक्षरे लिहायची, आणि डो कोणत्याही पट्टीत धरायचा. आपला षड्ज जसा हलता, तसा त्यांचा डो हलता.

गांधर्वच्या परीक्षा दिलेल्या मुलांना हे पान समजायला एक दुपार पुरली. डो म्हणजे सा, सो म्हणजे प, अशी नावे बदलून घेतली की स्वर सरळ वाचता येत. दोन टिंबे मात्रा वेगळ्या करत होती, आडवी रेघ स्वर लांबवत होती, जसा आपला अवग्रह लांबवतो. वरच्या सप्तकासाठी अक्षराच्या खांद्यावर छोटी उभी रेघ होती; पलुस्कर पद्धतीतही तार सप्तकाच्या स्वरावर उभीच रेघ देतात. हे साम्य योगायोगाचे असेल, पण विद्यार्थ्यांचा धीर त्याने फार वाढला. परकी स्वरलिपी शिकावी लागणार या धास्तीने जी मुले मागे राहत होती ती पुढे आली. विशेष म्हणजे हीच पद्धती वेल्समधील मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात खासी आणि मिझो डोंगरांत नेली आणि मिझोराममध्ये ती आजही घराघरांत वापरात आहे. म्हणजे भारतातच तिला दीडशे वर्षांच्या आसपास आयुष्य लाभले आहे, आणि आपल्याकडे महाराष्ट्रात संगीताच्या वर्गांत तिचा उल्लेखही होत नाही, याची खंत वाटते.

एका ठिकाणी मात्र गाडी अडली, आणि तो प्रसंग तपशिलाने सांगण्यासारखा आहे. पाठवलेल्या भजनांपैकी एक उदास स्वरूपाचे होते. मुलांनी डोला सा मानून, तंबोरा त्याच स्वरावर लावून ते वाचले. स्वर बरोबर लागत होते, पण गाणे काही केल्या ठाव घेईना. प्रत्येक ओळ धैवतावर येऊन थांबे आणि तंबोरा षड्जाकडे ओढत राही. मुलांना वाटले आपले वाचन चुकते आहे. वाचन बरोबर होते. सोल-फामध्ये अशा गाण्याचा आधारस्वर ला असतो, तरी नावे डोपासूनच मोजली जातात. आपल्याकडे आधारस्वर बदलला की त्यालाच सा म्हणायचे आणि बाकीच्या स्वरांना कोमल-तीव्र करायचे. तंबोरा धैवतावर लावून त्याला सा म्हटल्याबरोबर समोर आसावरी थाट उभा राहिला : कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. मूर्च्छनेचा, म्हणजे आधारस्वर बदलून तेच स्वर नव्याने मोजण्याचा पाठ पुस्तकात सर्वांनी वाचलेला होता. त्याचा उपयोग प्रथमच हाताशी आला. त्यानंतर पथकाने प्रत्येक गाण्यासाठी दोन रकान्यांची वही केली. डाव्या रकान्यात मूळ सोल-फा, उजव्यात आपली सरगम, आणि माथ्यावर तंबोरा कोणत्या स्वरावर लावायचा याची नोंद.

ही वही घेऊन पथक वेल्सला पोचले तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. यजमान वृंदातील सोल-फा वाचणारे बहुतेक सभासद साठी ओलांडलेले होते. तरुण सभासद शाळेत पाच रेघांची स्वरलिपी शिकलेले होते आणि आजीआजोबांच्या भजनसंग्रहातील ती अक्षरे त्यांना वाचता येत नव्हती. सांगलीची मुले ती वाचत आहेत हे पाहून वृद्ध मंडळी त्यांच्या शेजारी येऊन बसू लागली, आणि दोन-तीन दिवसांत त्यांची नातवंडेही बसू लागली. आपल्या मुलांनी त्यांना त्यांचीच जुनी पद्धती शिकवली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ती शिकण्याचे निमित्त मात्र आपली मुले झाली.

शब्दांच्या बाबतीत कागद कमी पडला. वेल्श शब्द देवनागरीत लिहून नेले होते, पण काही व्यंजने तोंड पाहूनच शिकावी लागली. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्समधील सुमारे १८ टक्के लोकांना वेल्श बोलता येते. त्यामुळे तिचे उच्चार नीट यावेत याबद्दल यजमान अतिशय जागरूक होते, आणि ते योग्यच होते.

अभंगाखाली काय ठेवायचे

उलट दिशेचा प्रवास अधिक कठीण ठरला. यजमानांना अभंग शिकायचा होता आणि त्यांच्या संयोजकांना, म्हणजे हाताच्या खुणांनी वृंदाचे गाणे चालवणाऱ्या गृहस्थांना, त्याखाली चार आवाजांची रचना करायची होती. त्यांनी ती एका रात्रीत लिहून आणली, मोठ्या आस्थेने. पियानोवर वाजवली तेव्हा ती ऐकायला गोड होती, पण ओळीच्या शेवटी त्यांच्या परंपरेप्रमाणे विराम साधण्यासाठी पंचमावर उभारलेल्या स्वरसंघात (एकाच वेळी उमटणाऱ्या स्वरांच्या गटात) शुद्ध निषाद आला होता. भीमपलासात निषाद कोमल. तो एक स्वर बदलला की राग हातातून जातो. हे सांगताना आपल्या विद्यार्थ्यांना संकोच वाटला, कारण माणूस घरी जेवू घालतो, त्याच्या कामात दोष कसा काढायचा. शेवटी एका विद्यार्थिनीने काही न बोलता ती ओळ दोन्ही निषादांनी, एकापाठोपाठ एक, गाऊन दाखवली. संयोजकांनी मान हलवली आणि पेन्सिलीने तो स्वरसंघ खोडला.

मग काय ठेवायचे यावर दोन संध्याकाळी प्रयोग झाले. कोमल निषाद कायम ठेवून स्वरसंघ बांधून पाहिले. राग टिकला, पण प्रत्येक स्वरसंघ बदलताना षड्ज सरकल्याचा भास होई आणि मींड घेणाऱ्याचा पाय अडखळे. अखेर यजमानांच्या मधल्या व खालच्या आवाजांनी काळी एक आणि काळी चार हे दोनच स्वर ‘आ’ म्हणत धरून ठेवायचे, श्वास आळीपाळीने घ्यायचा आणि आवाज तुटू द्यायचा नाही, असे ठरले. तीस-पस्तीस माणसांचा तो जिवंत तंबोरा होता. इलेक्ट्रॉनिक तंबोरा बंद केला गेला आणि पुन्हा लावला गेला नाही. यजमानांतील वरच्या आवाजांनी ध्रुपद एकसुरात गायले. मी येथे रागशुद्धीचा हट्ट धरून बोलत नाही. ज्या रचनांचा पाया स्वरसंघांना सामावून घेतो अशी भारतीय गीते आहेत आणि ती चार आवाजांत सुंदर होतात. या अभंगाला ते मानवत नव्हते, आणि हे दोन्ही बाजूंनी कानाने तपासून ठरवले, याला महत्त्व आहे.

लयीबद्दलही असेच झाले. भजनी ठेका आठ मात्रांचा. तो हळूहळू चढत जातो आणि शेवटी टाळांच्या गजरात पोचतो. यजमानांच्या भजनात ओळीअखेर लय किंचित सैल होते आणि शेवटचे कडवे रुंदावत जाते. त्यांना चढती लय सांभाळताना पळून जाण्याची भीती वाटे, आपल्या मुलांना ती रुंदावणारी ओळ ठेका चुकल्यासारखी वाटे. यावर कागदाचा काही इलाज नव्हता. यजमानांना टाळ हातात दिले तेव्हा त्यांची लय स्थिर झाली, आणि आपली मुले संयोजकांच्या हाताकडे पाहायला शिकली तेव्हा त्यांना त्या सैलपणातला श्वास कळला.

ओव्यांची संध्याकाळ

पथकातील एका विद्यार्थिनीच्या आजीचे गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेले होते. तिला जात्यावरच्या ओव्या आजीकडून मिळालेल्या होत्या, पण त्या पथकाच्या कार्यक्रमात नव्हत्या, कारण ओवी ही एकटीने म्हणायची, साथीवाचून म्हणायची. एका संध्याकाळी यजमानांनी कॅपेल केलिन या गावाची हकिकत सांगितली. लिव्हरपूल शहराला पाणी पुरवण्यासाठी १९६५ मध्ये ते वेल्शभाषक गाव, त्याच्या शाळेसह आणि चॅपेलसह, जलाशयाखाली गेले. वेल्समधील जवळजवळ सर्व खासदारांचा त्या योजनेला पाठिंबा नसतानाही ती मंजूर झाली होती. ते ऐकल्यावर या मुलीने आपणहून उठून आजीच्या माहेराविषयीच्या ओव्या म्हटल्या. शिक्षिकेने अर्थ सांगितला. यजमानांनी त्या ओव्या पुन्हा म्हणायला सांगितल्या, आणि त्या साथीशिवाय, इतर कोणी सूर न मिळवता ऐकल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले की या ओव्या आम्ही शिकू शकतो का, तेव्हा मुलीने उत्तर दिले की ऐका, पण वृंदात गाऊ नका. यजमानांनी ते मानले. काय द्यायचे आणि काय आपल्यापाशी ठेवायचे हे ठरवण्याचा अधिकार गाणाऱ्याचा आहे, आणि असे नकार देता येण्याइतके मोकळेपण दौऱ्यात निर्माण झाले होते, हे नोंदवण्यासारखे वाटते.

काय साधले, काय राहिले

समारोपाचा जाहीर कार्यक्रम शेजारच्या मोठ्या गावात झाला. तेथे पथकाला अन्य वृंदांमध्ये थोडा वेळ मिळाला, ध्वनिवर्धकाने पखवाज फाटका ऐकू येत होता, आणि श्रोत्यांनी सौजन्याने टाळ्या वाजवल्या. त्यातून कोणाला फारसे काही मिळाले असे म्हणता येत नाही. त्याच आठवड्यात गावच्या चॅपेलमध्ये दोन्ही वृंदांनी मिळून गायलेल्या रात्री मात्र बाकांवर बसलेल्या लोकांनी चार आवाजांत सूर धरला. वेल्समध्ये सर्वांनी मिळून भजने गाण्याचे मेळावे भरतात, त्यात लोक आपापल्या आवाजाप्रमाणे गट करून बसतात. त्यामुळे तेथील श्रोता हा बहुधा गायकच असतो. हरिपाठात वाढलेल्या मुलांना यात परके काहीच वाटले नाही.

राहून गेले ते असे : गमक आणि मींड लिहून दाखवण्याची सोपी खूण सापडली नाही, त्यामुळे यजमानांकडे जो अभंग मागे राहिला तो सरळ स्वरांचा राहिला. ध्वनिमुद्रणे पाठवली जातात, पण ऐकून दुरुस्त करणारा गुरू समोर नसल्याने त्यांचा उपयोग मर्यादित आहे. दुसरे म्हणजे, ज्या विद्यार्थ्यांनी हे सर्व शिकून घेतले ते पुढच्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडले. महाविद्यालयीन पथकाची ही कायमची अडचण आहे, आणि दोन रकान्यांची वही त्यावरचा अर्धाच उपाय आहे.

या वहीत आता नवीन मुले भर घालत आहेत. यजमान वृंदाला सांगलीला बोलावण्याची बोलणी चालू आहेत. आषाढात त्यांना आणू नये, मार्गशीर्षात आणावे, म्हणजे कृष्णेच्या पाण्याची चिंता राहणार नाही आणि मिरजेत तंबोरा घडवणाऱ्या कारागिरांकडेही जाता येईल, असे ठरत आले आहे. तालमी महाविद्यालयाच्या सभागृहाऐवजी पलूस तालुक्यातील एका विठ्ठल मंदिरात, गावच्या भजनी मंडळासोबत घ्याव्यात, अशी सूचना विद्यार्थ्यांनी केली आहे आणि मंडळाने होकार दिला आहे. जाहीर कार्यक्रम एकच ठेवायचा आहे, तोही शेवटच्या दिवशी.